ढाक्याची सवलत आणि मानवतची गाठ: एका जिनिंगचं प्रकरण

परभणी जिल्ह्यात मानवतजवळ एक जिनिंग-प्रेसिंग आहे. नाव देत नाही, मालकांची तशी इच्छा आहे. सेलू, परतूर, माजलगाव, धर्माबाद इथल्या कितीतरी जिनिंगवाल्यांना ही आपलीच गोष्ट वाटेल. मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. व्यवहार आता मुलगा बघतो. मात्र आलेल्या कापसातून चिमूटभर रुई ओढून, दोन्ही अंगठ्यांत धरून तिची तार बघायचं काम काका अजून कुणाला देत नाहीत.

इथला माल तीन वाटांनी जातो. काही गाठी गुजरात आणि तमिळनाडूच्या गिरण्या घेतात. ज्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्या खाली असतो, तेव्हा कापूस महामंडळाचं म्हणजे सीसीआयचं जॉबवर्क येतं. कापूस त्यांचा, गाठी त्यांच्या, आपली फक्त मजुरी. आणि पॅरिटी बसली, म्हणजे इथला भाव परदेशी भावाच्या हिशेबात परवडला, की मुंबईच्या दलालामार्फत काही माल बांगलादेशला रवाना होतो. या तिसऱ्या वाटेत नफा जास्त आणि कटकटही जास्त. काकांच्या घरात वाद पेटला तो याच वाटेवरून.

वादाचं निमित्त एक तारीख. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 24 नोव्हेंबर 2021 ला ठराव केला की बांगलादेश, नेपाळ आणि लाओस हे तीन देश पाच वर्षांच्या तयारीनंतर, 24 नोव्हेंबर 2026 ला, 'अल्पविकसित देश' या यादीतून बाहेर पडतील. यादीतून बाहेर पडणं ही तशी शाबासकी आहे. उत्पन्न, आरोग्य-शिक्षण आणि आर्थिक टिकाव या निकषांवर बांगलादेश 2018 आणि 2021 अशा दोन्ही तपासण्यांत पास झाला. पण त्या शाबासकीबरोबर जगभरात मिळणाऱ्या शुल्कमाफीची मुदतही संपते. म्हणून तारीख पुढे ढकला, असा तिथल्या कारखानदारांच्या संघटनांचा धोशा आहे.

काकांच्या मेव्हण्यांचं म्हणणं असं: बांगलादेशचं कंबरडं मोडणार, शिवणकामाचा धंदा इकडे येणार, सूत कमी पडणार. राज्याचं 2023 ते 2028 चं वस्त्रोद्योग धोरण आहेच, अनुदान मिळतंय तोवर सूतगिरणी टाकू. मुलाचं म्हणणं उलटं: गिऱ्हाईकच बुडणार असेल तर नवी गुंतवणूक कशाला? सीसीआयच्या मजुरीवर निवांत राहू. काका दोघांचं ऐकून घेत होते. मी परभणीला वाणिज्य शिकवतो, निर्यातीचे कागद बघायची सवय आहे, म्हणून हिशेब मांडायला मला बसवलं. तो हिशेब पुढे देतो आहे.

सवलत नेमकी कसली

गरीब देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी शुल्कात येऊ द्यावं, ही मागणी अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी 1964 च्या अंक्टाड, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेपासून लावून धरली. ती तत्त्वतः मान्य झाली 1968 साली, आपल्या दिल्लीत भरलेल्या दुसऱ्या परिषदेत. 1971 पासून युरोपने आणि 1976 पासून अमेरिकेने ती अमलात आणली. तीच जीएसपी. यात एक गोम आहे: ही सवलत करार नसते, देणाऱ्याची मर्जी असते. देणारा ती कमी करू शकतो, काढून घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला दाद मागायला फारशी जागा नसते.

अल्पविकसित देशांसाठी युरोपने 2001 मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. शस्त्रं आणि दारूगोळा सोडून सगळा माल विनाशुल्क, विनाकोटा. याला ईबीए म्हणतात. बांगलादेश 1975 पासून त्या यादीत असल्याने त्याला ही माफी आपसूक मिळाली. त्याच्या एकूण निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आणि त्यातला निम्म्याच्या आसपास माल युरोपात. युरोपात कपड्यांवर साधारण 12 टक्के शुल्क असतं. भारताच्या शर्टाला साध्या जीएसपीत त्यातलं पाचवा हिस्सा माफ, म्हणजे 9.6 टक्के भरावे लागत आले. बांगलादेशच्या शर्टाला शून्य.

वाळूजच्या वर्कशॉपवाल्यांना हे वाचून 2019 आठवेल. त्या वर्षी 5 जूनला अमेरिकेने भारताची जीएसपी काढली, तेव्हा वर्तमानपत्रांत हाहाकार होता. पण वाहनांच्या बऱ्याच सुट्या भागांवर अमेरिकेचं मूळ शुल्कच अडीच टक्के होतं. गेलं ते अडीच टक्के. सवलत जाण्याचा घाव मूळ शुल्काइतकाच खोल बसतो. अडीच टक्के एखादा कारखानदार कुरकुरत पचवतो. कपड्यांच्या धंद्यात, जिथे एका नगामागे मार्जिन नावापुरतं असतं, तिथे दहा-बारा टक्के पचत नाहीत.

मात्र हे 24 नोव्हेंबरच्या रात्री बारा वाजता घडणार नाही. युरोपने यादीतून बाहेर पडणाऱ्या देशांना आणखी तीन वर्षं माफी चालू ठेवायची तरतूद केली आहे. ब्रिटनचीही तशीच योजना आहे. म्हणजे तारीख पुढे ढकलली नाही, तरी खरा घाव 2029 च्या शेवटी. आणि अमेरिकेत तर बांगलादेशी कपड्यांना ही सवलत कधी नव्हतीच. तिथल्या जीएसपीतून कपडे मुळातच वगळलेले. उरलेल्या मालाची सवलतही 2013 मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपडे-कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेल्यावर स्थगित झाली. तरी बांगलादेश अमेरिकेत पूर्ण शुल्क भरून आजवर कपडे विकत आला आहे. मेव्हण्यांच्या 'कंबरडं मोडणार'मधली हवा इथेच थोडी निघते.

शुल्कापेक्षा नियम मोठा

वर्तमानपत्रांत बातमी येते ती बारा टक्क्यांची. मला विचाराल तर काकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मूळदेशाचा नियम, म्हणजे माल 'बांगलादेशी' ठरायला तिथे किती काम व्हायला हवं हा मुद्दा.

2011 पासून युरोपने अल्पविकसित देशांसाठी एका टप्प्याची सूट दिली. चीनमधून थान आणा, ढाक्याला कापून शिवा, बटण लावा. माल बांगलादेशी, शुल्क शून्य. त्यामुळे शर्ट-पँटचं विणलेलं कापड मोठ्या प्रमाणात बाहेरून येऊ लागलं. टी-शर्टच्या निट कापडाचं तसं नाही. ते आधीपासून बहुतांश तिथेच विणलं जातं आणि सूतही बरंचसं तिथल्याच गिरण्यांचं असतं. शर्टाच्या कापडात मात्र निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते.

ईबीए गेल्यावर बांगलादेशपुढे दोन दारं राहतात. एक साधी जीएसपी: 9.6 टक्के शुल्क. दुसरं जीएसपी प्लस: शुल्क शून्य, पण मानवी हक्क, कामगार, पर्यावरण यांचे आंतरराष्ट्रीय करार मान्य करून पाळायचे. शिवाय आयात अंगावर येऊ लागली तर सवलत थांबवायची जी तरतूद ईबीए देशांना लागू नव्हती, ती इथे आडवी येऊ शकते. युरोपच्या कपडे-आयातीत बांगलादेशचा वाटा फार मोठा आहे. पण दोन्ही दारांवर एक अट सारखी आहे. दोन टप्पे देशात व्हायला हवेत. कापड विणणं आणि शिवणं दोन्ही तिथे. चिनी थानाचा शर्ट सवलतीतून बाद.

आता हे मानवतहून बघा. कापड बाहेरून यायचं तेव्हा त्यातला कापूस चीनमधल्या किंवा आणखी कुठल्या गिरणीने विकत घेतलेला असायचा. कापड ढाका-नारायणगंजला विणायचं ठरलं तर सूत तिथे लागणार. सूत एकतर भारतातून जाईल किंवा तिथे कातलं जाईल, आणि कातलं गेलं तर रुई बाहेरूनच आणावी लागेल, कारण बांगलादेशात गरजेच्या मानाने कापूस नावापुरता पिकतो. सूत आयात केलं तरी दोन टप्प्यांची अट मोडत नाही. अडचण थानाला आहे, गाठीला नाही. मुलाला ही बाजू कुणी सांगितलीच नव्हती. 'सवलत गेली म्हणजे आपला माल थांबला' असं तो धरून बसला होता.

याला दुसरी बाजू आहे. विणकामाचे कारखाने असे वर्षभरात उभे राहत नाहीत. भांडवल, गॅस, रंगाईचं पाणी, सगळंच लागतं. नाही जमलं तर बांगलादेश सरळ 12 टक्के भरून चिनी थानाचाच शर्ट विकेल, किंवा तेवढी गिऱ्हाइकी व्हिएतनामला जाईल. व्हिएतनामचा युरोपशी करार 1 ऑगस्ट 2020 पासून लागू आहे.

साडेनऊ टक्के कुणाच्या खिशातून

हिशेबासाठी धरू की युरोपच्या बंदरात 100 युरोचे टी-शर्ट उतरले. साध्या जीएसपीत 9.6 युरो शुल्क लागलं. युरोपातला दुकानदार म्हणणार, मला माल 100 लाच पडला पाहिजे, तुमचं तुम्ही बघा. कारखानदाराच्या हातात मजुरी आणि नफ्याची जागा थोडी. तो सूतवाल्याला दाबणार, सूतवाला रुईवाल्याला. अशी ही साखळी मानवतच्या लिलावापर्यंत यायची, असं वरकरणी वाटतं.

पण रुईचा भाव ढाका ठरवत नाही. तो न्यूयॉर्कच्या वायद्यावर, ब्राझीलच्या पिकावर, चीनच्या खरेदीवर ठरतो. बांगलादेशची गिरणी काकांना म्हणाली की दहा टक्के कमी करा, तर काका माल कोइमतूरला देतील. त्यामुळे शुल्काचा बोजा भावातून काकांवर फार येऊ शकत नाही. तो येतो जवळीकीच्या कमाईवर. तिथल्या लहान गिरण्या भारतीय रुई घेतात कारण ती लवकर पोचते, थोडी थोडी मागवता येते, गोदामात महिनोन् महिने पैसा अडकत नाही. ब्राझीलचा माल जहाजाने यायला फार वेळ लागतो आणि तो मोठ्या लॉटमध्ये घ्यावा लागतो. या सोयीसाठी गिरणी काही पैसे जास्त मोजते. मार्जिन आवळलं की आधी हीच जास्तीची रक्कम छाटली जाणार.

ती शेतकऱ्यापर्यंत किती पोचते तेही काढलं. खंडी म्हणजे 356 किलो रुई. रुईचा उतारा 34 टक्के धरला तर एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या जवळपास कापूस लागतो. म्हणजे खंडीमागे 1,000 रुपये तुटले तर क्विंटलमागे 95 रुपये. त्याच दिवशी सरकीचा भाव किलोला दीड रुपया वर गेला तर ही तूट भरून निघते. साडेदहा क्विंटलात साडेसहा क्विंटलांहून जास्त सरकीच असते. कापसाच्या भावाची चर्चा करणारे सरकी विसरतात, हे मला नेहमी नवलाचं वाटतं.

सवलत जायच्या आधीच काय घडलं

यादीतून बाहेर पडायची तयारी म्हणून ढाक्याने 2024 मध्येच निर्यातीवरचं रोख अनुदान कमी करायला सुरुवात केली. अल्पविकसित देशांना जागतिक व्यापार संघटनेत अशा अनुदानाची मुभा असते. बाहेर पडल्यावर ती राहत नाही. स्थानिक सूत वापरून कपडे निर्यात केले तर 4 टक्के मिळायचे. ते वर्षाच्या सुरुवातीला 3 झाले आणि जुलैपासून दीड टक्का. स्थानिक सूत घ्यायचं कारणच पातळ झालं, आणि भारताचं स्वस्त सूत धो-धो जाऊ लागलं. तिथल्या गिरणीमालकांनी आरडाओरडा केला. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशने बेनापोलसह जमिनीवरच्या बंदरांतून भारतीय सूत आणायला बंदी केली. त्याच सुमाराला भारताने बांगलादेशचा माल आपल्या विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशाला पाठवायची सोय काढून घेतली, आणि मे महिन्यात त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील असं बजावलं.

या तिखट देवाणघेवाणीत रुईच्या गाठी बंदीतून सुटल्या. बंदी सुताला होती. तिथल्या गिरणीला संरक्षण मिळालं की ती जास्त कातणार, म्हणजे कच्ची रुई लागणार. मेव्हण्यांच्या सूतगिरणीच्या कल्पनेला मोठा धक्का इथे बसतो. उद्या सूत काढून सीमेवर नेलं आणि ढाक्याने दार लावलं, तर चात्या कुणासाठी फिरवायच्या? गाठ विकणाऱ्याला निदान दुसरं गिऱ्हाईक लगेच मिळतं.

दुसरा धोका अमेरिकेकडून आला. 2025 च्या अमेरिकी शुल्क-आदेशात तरतूद होती की मालात किमान 20 टक्के अमेरिकी घटक असेल तर तेवढ्या भागावर वाढीव शुल्क लागणार नाही. ढाक्याने लगेच ओळखलं: अमेरिकी कापूस वापरा. ते आदेश पुढे बदलोत वा न बदलोत, गिरण्यांना एकदा अमेरिकी रुईची गोडी लागली की सवय मोडायला वेळ लागतो. ती रुई यंत्राने वेचलेली असली तरी प्रत्येक गाठीची चाचणी झालेली आणि दोऱ्या-चिंध्यांपासून मुक्त असते. काकांचा माल नेमका तिथेच लंगडा आहे.

आपल्या दाराची कडी

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटली. "बांगलादेशच्या पार्टीनं आपला माल घेणं कमी केलं ते आत्ता नाही. दोन हजार बारा सालापासून."

5 मार्च 2012 ला भारताने अचानक कापसाची निर्यात बंद केली. त्याआधी एप्रिल 2010 मध्येही थांबवली होती. 2012 ला तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच आपल्याला विचारलं नसल्याचं जाहीर सांगितलं आणि आठवड्याभरात बंदी मागे घ्यावी लागली. पण आठवडा पुरेसा होता. ज्या गिरणीची रुई वाटेत अडकली तिने पुढच्या वर्षापासून ब्राझील आणि आफ्रिकेच्या व्यापाऱ्यांशीही सूत जमवलं. 2011-12 च्या हंगामात भारतातून 1 कोटी 20 लाखांहून जास्त गाठी बाहेर गेल्या, अर्थात तेव्हा मोठा गिऱ्हाईक चीन होता. अलीकडचे काही हंगाम 30 लाखांच्याही आत गेले.

उरलेलं काम पॅरिटीने केलं. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. साडेदहा क्विंटलांचे झाले 85 हजार. सरकी 35 रुपये किलोने विकली असं धरलं तर साडेतेवीस हजार सुटतात. म्हणजे जिनिंगची मजुरी न धरता खंडी साडेएकसष्ट हजारांना पडली. आता न्यूयॉर्कला पौंडाला 65 सेंट आणि डॉलर 87 रुपये धरा: खंडीच्या 785 पौंडांचे साडेचव्वेचाळीस हजारही होत नाहीत. प्रत्यक्ष मालावर वायद्यापेक्षा काही सेंट चढतात, ते धरले तरी दरी दहा हजारांच्या वर राहते. असा हिशेब असला की निर्यातदार हात वर करतो, कापूस सीसीआयकडे जातो आणि काका मजुरीवर येतात. हमीभाव नको असं मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला दुसरा आधार काय आहे? पण सरकारने हमीभावाने घ्यायचं, आणि त्याच वेळी, 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत, परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ करायचं, यातून निर्यातीचं धोरण निघत नाही.

बांगलादेशची सवलत जाईल 2029 ला. आपण तिथला बाजार त्याआधीच बराचसा सोडून दिला आहे.

मॉरिशसने काय केलं

सवलत जाणार हे कळल्यावर देशाने काय करावं, यावर परिषदा पुष्कळ होतात. मला त्यातलं एक उदाहरण मराठवाड्याच्या माणसाला सांगावंसं वाटतं, कारण ते उसाचं आहे. मॉरिशस. तिथे मराठी घरंही पिढ्यान् पिढ्या नांदतात. 1975 च्या लोमे करारापासून त्यांची साखर युरोप जागतिक भावाच्या किती तरी वर, ठरलेल्या भावाने आणि ठरलेल्या कोट्यात घ्यायचा. 2006 पासून युरोपने साखरेचा हमी भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के खाली आणला आणि 2009 मध्ये तो साखर-करारच संपला.

मॉरिशसने मुदतवाढीची भांडणं केलीच. पण सोबत लहान कारखाने बंद करून मोजके मोठे ठेवले, कच्च्या साखरेऐवजी शुभ्र आणि विशेष साखर विकायला घेतली, बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, वीज करून ग्रीडला दिली, आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे व जमिनीचे तुकडे दिले. युरोपकडून जुळवून घेण्यासाठी मदत घेतली ती याच कामाला. सगळं गोड झालं नाही. ऊस कमी झाला, लहान शेतकरी गळाले. तरी सवलत संपली त्या दिवशी त्यांच्याकडे विकायला वेगळं काही होतं.

बांगलादेशच्या बाबतीत वेगळं काही म्हणजे देशात विणलेलं कापड, पाळलेले कामगार-कायदे आणि मर्जीऐवजी करार. मे 2024 मध्ये टका एका झटक्यात डॉलरला 110 वरून 117 केला, त्यानेही निर्यातदाराला थोडी ऊब मिळाली. पण आयात केलेली रुई तेवढीच महागली, म्हणून ज्याच्या मालात आयात जास्त त्याला अवमूल्यनाचा फायदा कमी. मुदतवाढीबद्दल माझं मत असं: विणकामाचे कारखाने उभे राहत असतील तर द्यावी. नुसतीच तारीख सरकवायची तर 2029 च्या जागी 2032 लिहायचं, बाकी काही बदलत नाही. शिवाय तोवर शेजारी थांबत नाहीत. जानेवारी 2026 मध्ये भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. तो अमलात आला की तिरुपूरच्या टी-शर्टला युरोपात शुल्क शून्य आणि नारायणगंजच्या टी-शर्टला सवलत संपल्यावर 9.6. पारडं पूर्ण फिरतं.

मेव्हणे यावर टाळी वाजवतात. पण धंदा तिरुपूरला वळला तरी त्यांची गिरणी चालेलच असं नाही. तिथल्या आसपास गिरण्यांची कमी नाही, आणि मराठवाड्यात कितीतरी सहकारी सूतगिरण्यांची धुराडी कशी थंड पडली हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे. वीजदर, खेळतं भांडवल, कातणीचे कुशल हात, यातलं काय बदललं? शर्ट ढाक्याला शिवला काय आणि तिरुपूरला शिवला काय, रुई लागणारच. मग काकांनी बाजू का निवडावी? दोघांनाही चालेल अशी गाठ करणं हे स्वस्त आणि हातातलं काम आहे.

जिनच्या अंगणात

म्हणून एक दुपार अंगणात काढली. ट्रॅक्टर-ट्रॉली रिकामी झाली की कापसाचा ढीग बायका हाताने चाळतात. त्यात निघालेलं एका टोपलीत जमा होतं. खताच्या पोत्याच्या प्लॅस्टिकच्या दशा, गुटख्याची पुडी, केस, कोंबडीचं पीस, साडीच्या काठाचा निळा धागा. तो निळा धागा सगळ्यात वाईट. जिनमधून तो सुटतो, कातताना तुटून बारीक होतो आणि पांढरं कापड रंगवायला गेलं की ठिपका बनून वर येतो. तेव्हा अख्खा तागा नापास. गिरणी मग गाठीमागे पैसे कापते किंवा पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

हा धागा येतो कुठून? घरून. वेचणीला बाई जुनी ओढणी कमरेला बांधते, तिचा झोळा करते. कापूस प्लॅस्टिकच्या गोणीत भरून ठेवतात, कारण सुती कापडाची गोणी महाग. पहिल्या वेचणीचा माल आणि फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटचा हलका कापूस, एकाच खोलीत. हमीभावाने घेताना ओलावा 8 टक्के आहे की 12, हे यंत्र लावून बघतात, पैसे त्यावर कापतात. धाग्याचं यंत्र नाही, म्हणून स्वच्छ कापूस आणणाऱ्याला वेगळा भाव कुणी देत नाही. शेतकरी तरी कशाला काळजी घेईल?

दलालाकडून आलेला निरोप इथे जोडून बघा. गेल्या हंगामाच्या अखेरीस बांगलादेशच्या एका गिरणीने विचारलं होतं की गाठ कुठल्या गावच्या कापसाची आहे, हे गाठीगणिक सांगता येईल का. युरोपचे दुकानदार आता शर्टाच्या कापसापर्यंतचा माग मागू लागले आहेत. केंद्राने 2020 मध्ये 'कस्तुरी कॉटन' हा ब्रँड जाहीर केला, त्यात गाठीला क्यूआर कोड आणि चाचणी असते. तो कागदावर छान आहे. चालवायचा तर जिनने गावनिहाय ढीग वेगळे ठेवायला हवेत, आणि हे मानवतच्या हंगामात, दारात गाड्यांची रांग असताना, भल्याभल्यांना जमत नाही.

काय ठरलं

मी काकांना तीन आकडे लिहून दिले: सूतगिरणीचं व्याज, सीसीआयच्या जॉबवर्कची मजुरी, आणि ढीग वेगळे ठेवायला लागणारे जादा शेड, मजूर व सुती गोण्या. तिसरा आकडा पहिल्याच्या शेजारी फारच लहान दिसत होता. मेव्हणे नाराज झाले. काकांनी त्यांना सांगितलं, "दाजी, तुमची गिरणी चालली तर रुई माझ्याकडूनच घ्या. पण पैसे मी घालत नाही."

पुढच्या हंगामासाठी जवळच्या दोन गावांतल्या शेतकऱ्यांशी त्यांनी बोलणं केलं आहे. गोण्या जिनने द्यायच्या, पहिली-दुसरी वेचणी वेगळी आणायची, आणि टोपलीत धागा निघाला नाही तर त्या गाडीला लिलावाच्या भावावर काही रुपये जास्त. किती, यावर मुलाचं आणि काकांचं अजून एकमत नाही. मुलगा क्विंटलला 50 म्हणतो. काका म्हणतात, 50 साठी कुणी ओढणी सोडणार नाही, 100 द्या. 100 दिले तर खंडीला 1,050 जादा पडतात. बांगलादेशची गिरणी किंवा तिरुपूरची, दोघांपैकी कुणी तेवढे मोजेल का, हा निरोप दलालाकडे गेला आहे. उत्तर यायचं आहे.